नाकवालीचा ट्रे

सतरा दिवस झाले, ऊन नव्हतं. धड पाऊस म्हणावा असंही काही पडत नव्हतं. आभाळातून नुसती ओल गळत होती. दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नव्हते. मिठाला पाणी सुटलं होतं. काडेपेटीची काडी ओढावी तर पेटायच्या आधी तिचं डोकंच गळून पडायचं. असल्या हवेत व्यापाऱ्याचा टेम्पो गल्लीत शिरला आणि म्हातारीच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोनशे चाळीस सर्किट बोर्ड उतरवून उभा राहिला.

"सगळे एकाच जातीचे आहेत, मावशी," व्यापारी म्हणाला. "जुन्या टेलिफोनच्या कपाटांतले. मधोमध ही काळी चौकोनी आयसी दिसते ना, तेवढीच मला पाहिजे. पाय वाकता कामा नयेत, अंग भाजता कामा नये. आठ दिवसांत."

"आठ दिवसांत काय तुझं दुसरं लग्न आहे?" म्हातारी म्हणाली.

व्यापारी हसला, पण पुरतं हसला नाही. "गिऱ्हाईक बदललंय. आता एकेक आयसी यंत्रात बसवून बघतात. शंभरात दोन मेल्या तर खपवून घेतात, तिसरी मेली की सगळं परत. आणि इथला माल परत आला ना मावशी, तर मग मला इथं टाकता येणार नाही. हायवेला मोठी शेड झालीय. तिथं काचेच्या पेटीत काढतात."

"काचेच्या पेटीला नाक असतं का रे?"

"म्हणून तर आलो इकडं," व्यापारी म्हणाला, आणि घाई आहे म्हणून गरम हवा फेकणारी जास्तीची एक हीट गनही ठेवून गेला.

गल्लीत म्हातारीला नाकवाली म्हणत. नाव तारवाल्यानं ठेवलं होतं. तो समोरच्या पडवीत जुन्या वायरी सोलायचा आणि दिवसभर दुसऱ्यांच्या घरात कान घालून बसायचा. पण नाव खोटं नव्हतं. बोर्ड चिमट्यात धरून म्हातारी गनचं तोंड त्यावर गोल गोल फिरवायला लागली की तिचे डोळे अर्धे मिटायचे. आधी राळेचा वास सुटतो, देवदाराच्या फळीसारखा. मग आयसीचे पाय धरून ठेवणारं कथील मऊ व्हायला लागलं की वास गोडसर होतो. त्यानंतर कडू. गोड संपून कडू सुरू व्हायच्या आत, एवढ्याशा फटीत, आयसीचा तुकडा उचलायचा. लवकर उचलला तर पाय तुटतात, उशिरा उचलला तर आतून मरतो. लोक तापमापी लावायचे, घड्याळ लावायचे. म्हातारी म्हणायची, "दूध वर आलं हे तुमच्या घड्याळाला कळतं की बाईला?" नवरा गेल्यावर तिनं त्या नाकावर पोर वाढवलं, पत्रा घातला, पोराचं लग्न केलं. तीन वर्षांपूर्वी पोरही गेलं. त्यानंतर शेडमध्ये दोघीच उरल्या, म्हातारी आणि सून.

आणि त्या नाकाची गोष्ट अशी की ते आता नव्हतं.

गेल्या थंडीत ताप आला होता, आठ दिवस. उठली तेव्हा अंगात जोर आला, भूक आली, नाक काही परत आलं नाही. तिला ते कळलं दुधावरून. चुलीपाशी बसून ती डाळीतले खडे निवडत होती आणि वीतभर अंतरावर दूध करपून काळं झालं. सून बाहेरून धावत आली. म्हातारी शांतपणे म्हणाली, "तुझी परीक्षा बघत होते. किती वेळानं कळतं तुला." सुनेनं भांडं उचललं आणि राख घेऊन घासायला बसली.

तेव्हापासून म्हातारी डोळ्यांवर काम ओढत होती. कथील आधी मळकट असतं, मग त्यावर ओलसर चमक येते. ती चमक बघून उचलायचं. दहात नऊ वेळा जमायचं. पण हे कुणाला सांगायचं नव्हतं. नाक गेलेली नाकवाली म्हणजे काय? कोपऱ्यातली एक म्हातारी, चार दात आणि तोंडात शिव्या. सुनेच्या भावानं दोनदा निरोप धाडला होता, की तिथं तुझं आता कोण आहे, निघून ये. सून गेली नव्हती. ती का गेली नाही याचा म्हातारीनं एकच अर्थ लावला होता: हात शिकतोय, शिकवणारी मी आहे, म्हणून थांबलीय. शिकवण्यासारखं काही उरलं नाही हे कळलं तर उद्या पिशवी भरेल. या एका भीतीनं म्हातारीनं आठ महिने तोंड मिटून ठेवलं होतं. म्हणजे त्या बाबतीत मिटलं होतं. बाकी तोंड चालूच होतं.

टेम्पो गेल्यावर सुनेनं ढिगातला एक बोर्ड उचलला, नाकाशी नेला, परत ठेवला. दुसरा उचलला.

"आत्याबाई, ओले आहेत."

"कोण म्हणतं?"

"तळघरात पडून असणार. मातीसारखा वास येतोय. ओल्या भिंतीसारखा."

म्हातारीनं तिच्या हातातून बोर्ड घेतला. नाकाला लावला. छाती भरून श्वास ओढला. थंड लागलं, एवढंच. हवेला जशी चव नसते तसं.

ओल्या बोर्डाचं काय होतं हे तिनंच दोघांना शिकवलं होतं, पोराला आणि सुनेला. आयसीच्या पोटात पाण्याचा अंश असतो. वरून गनची आग लागली की त्याची वाफ होते आणि वाफेला बाहेर यायला वाट नसते. पोट आतल्या आत फुटतं. वरून ओरखडासुद्धा दिसत नाही. काढणाऱ्याला वाटतं, काय सुंदर निघाली. असा माल आधी उबेत ठेवून सुकवायचा, मगच गन लावायची.

"बेकरीवाल्याची भट्टी दुपारी रिकामी असते," सून म्हणाली. "पाव काढल्यावर संध्याकाळपर्यंत कोमट राहते. रोज थोडे थोडे नेऊन ठेवले तर..."

"आणि पावाला लावून खाऊ? कोरडे ठणठणीत आहेत बोर्ड."

"जरा बघा ना परत."

"परत काय बघायचं?" म्हातारीचा आवाज चढला, कारण समोर तारवाल्याची सुरी थांबली होती. "कालची पोर मला वास शिकवते! या घरात नाक एकच आहे. तुला आहे ते नथ घालायला दिलंय देवानं, आणि तेही आता..."

ती तिथं थांबली. पण थांबायला उशीर झाला होता. सुनेनं हातातला बोर्ड खाली ठेवला आणि गनची वायर सोडवायला घेतली.

काम सुरू झालं. म्हातारी दाराशी, उजेडात. सून मागच्या खिडकीखाली, नवी गन घेऊन. अकरा वर्षांत सुनेच्या हातात पहिल्यांदा गन आली होती. तोवर म्हातारीनं तापवून उचलायचं आणि तिनं पाय पुसून ट्रेमध्ये लावायचं असं चालत आलं होतं. दोन गनांचा घरघराट पत्र्याला लागून असा घुमायचा की बोलायचं तर ओरडावं लागे, आणि ओरडण्यासारखं दोघींत काही नव्हतं. बोटांची टोकं भाजून कडक झाली होती तरी जिथं कातडं नवं असायचं तिथं चटका बसायचाच. सून बोट कानाच्या पाळीला लावायची, म्हातारी जिभेला. सकाळी थुंकी काळी यायची. दुपारपर्यंत पाठ लाकूड व्हायची आणि संध्याकाळी उठताना दोघी एकाच वेळी गुडघ्यावर हात ठेवायच्या. तारवाला म्हणायचा, "काय कवायत आहे! सासू-सुनेचं एवढंच पटतं."

"तुझं तुझ्या बायकोशी तेवढंही पटलं नाही," म्हातारी म्हणायची. "ती माहेरी गेली ती अजून येतेच आहे."

जेवणानंतर म्हातारी तासभर आडवी व्हायची. दुसऱ्या दिवशी तिचा डोळा लागला नव्हता. सुनेनं पोत्यात काहीतरी भरलं, पोतं डोक्यावर घेतलं आणि मागच्या दारानं गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा हातात पावाची पुडी होती.

"कुठं गेली होतीस?"

"पाव आणायला."

"पाव आणायला पोतं लागतं?"

"पाऊस होता. डोक्यावर घेतलं."

म्हातारीनं पुढं विचारलं नाही. पण सून हात धुवायला गेली तशी ती उठली आणि मागच्या खिडकीखाली ठेवलेल्या पोत्याला तिनं हात लावला. पोतं गरम होतं. आतले बोर्ड मांडीवरच्या मुलासारखे उबदार होते.

तिथं ती थोडा वेळ वाकून उभी राहिली. आता काय करायचं ते अगदी सोपं होतं. हाक मारायची आणि म्हणायचं, माझेही ने. पाच शब्दसुद्धा नव्हते. पण ते बोलायचं म्हणजे बोर्ड ओले आहेत हे कबूल करायचं, आणि ते कबूल केलं की मग नाकाला कसं कळलं नाही हा प्रश्न आलाच. पाणी ओतल्याचा आवाज थांबला. म्हातारी सरळ झाली, आपल्या जागेवर येऊन बसली आणि तिनं ओल्या ढिगातला पुढचा बोर्ड उचलला.

पाचव्या दिवशी तिला गनच्या घरघराटातून एक आवाज ऐकू आला. टच्. एवढासा, हाताच्या बोटाचं कांडं मोडल्यासारखा. तिनं वर पत्र्याकडं बघितलं. पत्रा वाजला, असं ती मनाशी म्हणाली. थोड्या वेळानं परत टच्. परत तिनं पत्र्याकडं बघितलं. आयसी मात्र सुरेख निघत होती, पाय सरळ, अंग काळंभोर, भिंगाखाली धरली तरी एक डाग नाही. म्हातारी एकेक ट्रेमध्ये ओळीनं बसवत गेली. सातव्या संध्याकाळी ढीग संपला तेव्हा तिच्या ट्रेमध्ये दीडशे झाल्या. सुनेच्या ट्रेमध्ये नव्वद. "हळू हात आहे तुझा," म्हातारी म्हणाली.

"हो," सून म्हणाली.

आठव्या दिवशी सकाळी व्यापारी यंत्र घेऊन आला. डब्याएवढं होतं. वर खोबण, शेजारी दोन दिवे. आयसी खोबणीत बसवायची, झाकण दाबायचं. हिरवा लागला तर जिवंत, लाल लागला तर मेली. दोन्ही ट्रे दाराशी फळीवर शेजारी शेजारी ठेवलेले होते. तारवाला सुरी खाली ठेवून, हात पुसत उंबऱ्याशी आला.

व्यापाऱ्यानं भरगच्च ट्रेमधली पहिली लावली. लाल.

"होतं असं," तो म्हणाला. दुसरी लावली. लाल. तिसरी हिरवी लागली आणि त्यानं मान हलवली, मग चौथी लाल, पाचवी लाल. त्यानं ओळ सोडून मधूनच एक उचलली. लाल. शेवटच्या ओळीतली उचलली. लाल. व्यापाऱ्यानं एक आयसी उलटी करून भिंगाखाली धरली, पोटावरून नख फिरवलं. "फुगलीय. ओला बोर्ड तापवलाय हा."

त्यानं दुसरा ट्रे जवळ ओढला. पहिली हिरवी. दुसरी हिरवी. दहा लावल्या, दहा हिरव्या. वीस लावल्या. त्याचा चेहरा सुटत गेला.

"एकाच ढिगातला माल," तो म्हणाला, "आणि दोन ट्रेंत एवढा फरक? हा चांगला कुणाचा?"

सून खिडकीशी उभी होती. तिनं म्हातारीकडं बघितलं. त्या बघण्यात दटावणी नव्हती, मागणी नव्हती. दार उघडून बाजूला व्हावं तशी ती बघत होती.

"माझा," म्हातारी म्हणाली. "सांगायला लागतं का?"

"ते तर बघूनच कळतंय," तारवाला म्हणाला. "नाकवालीचा ट्रे."

व्यापारी सुनेकडं वळला. "वहिनी, ओले आहेत हे कळलं नाही तुम्हाला? इतकी वर्षं यांच्या हाताखाली आहात."

सून तरीही म्हातारीकडंच बघत होती. ती गप्प होती ते म्हातारीला सोसेना. आता ती बोलेल, भट्टी म्हणेल, पोतं म्हणेल. तारवाल्याच्या तोंडून ते संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीत जाईल. ती बोलायच्या आत काहीतरी बोललं पाहिजे, असं काहीतरी की त्यावर हिला तोंडच उघडता येणार नाही.

"तिला काय कळणार?" म्हातारी म्हणाली. "शेजारी निजलेल्या नवऱ्याचा ताप हिला कळला नाही. बोर्ड ओला की कोरडा हे कळणार आहे?"

तारवाल्याची मान खाली गेली. व्यापाऱ्यानं उगाच यंत्राची वायर सरळ केली.

त्या तापाचं खरं काय ते घरातल्या दोघींनाच माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी सून पहाटेच उठून आली होती. आत्याबाई, यांचं अंग नेहमीसारखं नाही, श्वास वेगळा लागतोय, दवाखान्यात नेऊ. म्हातारीनं पोराच्या कपाळाला हात लावला, त्याच्या तोंडाचा वास घेतला आणि म्हणाली, साधी सर्दी आहे, धुराची. माल द्यायचा आहे, उद्या बघू. त्या उद्याच्या संध्याकाळी नेलं तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरनं एवढंच विचारलं होतं, की काल का नाही आणलंत. तेव्हा सुनेनं म्हातारीकडं बघितलं नव्हतं. जमिनीकडं बघून म्हणाली होती, कळलं नाही आम्हाला. आम्हाला, म्हणाली होती.

"माझ्याच हातून झालं," सून आता म्हणाली. व्यापाऱ्याला म्हणाली, म्हातारीला नाही. मग तिनं खिडकीखालची नवी गन उचलली, वायर कोपरावर गुंडाळून तिची नीट चकली केली, टोक आत खोचलं आणि गन यंत्राशेजारी ठेवली. "ही तुमची. गार आहे."

व्यापारी जाताना अंगणात थांबला. "नव्वद घेतो, मावशी. तुमच्या नाकासाठी गिऱ्हाइकाशी भांडेन. परवा दुसरा माल टाकतो, याच जातीचा. पण एक सांगतो, वाईट वाटून घेऊ नका. मालाला हात फक्त तुमचा. वहिनींचा नको."

"बरं," म्हातारी म्हणाली.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी घरात भांड्यांचाच आवाज होता. सुनेनं चूल केली, पाणी भरलं, म्हातारीच्या पाठीला तेल चोळायची वेळ झाली तेव्हा तेलाची वाटी घेऊन आलीही. हात रोजच्यासारखेच चालत होते, मणक्याच्या कडेनं वर, खांद्यावरून खाली. म्हातारी पालथी पडून वाट बघत होती की आता भांडेल. भांडली असती तर उलटून भांडता आलं असतं, आणि त्या भांडणात कुठंतरी खरं बोलून टाकता आलं असतं. सून भांडली नाही. तेलाची वाटी झाकून ठेवली आणि हात पुसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी भरत होती.

म्हातारी दारात उभी राहिली. "कपडे वाळले नाहीत अजून."

"वाळतील तिकडं."

"ओले नेले तर पिशवीत कुबट होतील."

"होऊ देत."

"तिथं जाऊन काय करणार आहेस? भावजयीची भांडी?"

"हात आहेत दोन," सून म्हणाली. "इथं त्यांना काम नाही राहिलं."

बाहेर रस्त्यावरून गाड्या जात होत्या. सुनेची गाडी फाट्यावरून मिळायची, तिला अजून अर्धा तास होता. तिनं अंथरुणाची वळकटी उलगडली आणि आतून एक उशी काढली. अभ्रा मूळचा पांढरा असावा. आता चहाच्या गाळण्यासारखा झाला होता, मधोमध डोक्याचा खळगा. म्हातारीचं तोंड सवयीनं उघडलं.

"ती घाण कुठं घेऊन निघालीस? लोक काय म्हणतील, सासूनं धड उशी दिली नाही."

"यांची आहे," सून म्हणाली. "धुतली नाही मी. थोडा वास आहे अजून."

म्हातारी दार सोडून खाटेपाशी आली.

सून उशी हातात घेऊन उभी राहिली. मग दोन पावलं आली आणि उशी म्हातारीच्या हातांत ठेवली. "राहू द्या तुम्हाला. मी तीन वर्षं घेतला. तुमचाच मुलगा होता."

म्हातारी खाटेच्या कडेवर बसली. तिनं उशीत तोंड घातलं. पूर्ण घातलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत, आणि श्वास ओढला. कापूस पापण्यांना लागला. अभ्र्याची शिवण गालाला टोचली. परत ओढला, खोल, खांदे वर जाईपर्यंत. तिचं पोर त्या कापसात होतं आणि तिला नुसता कापूस लागत होता. ती थांबली, तोंड बाजूला करून हवा घेतली आणि अंधाऱ्या हौदात हात घालून काहीतरी शोधावं तशी पुन्हा आत गेली.

आता फक्त "हो" म्हणायचं होतं. हो, आहे वास. सून गेली असती, उशी राहिली असती, नाकही राहिलं असतं.

"मला नाही येत," म्हातारी उशीतूनच म्हणाली.

"काय?"

"वास. कशाचाच नाही येत. थंडीपासून."

सुनेनं उलगडलेली वळकटी परत बांधली. मग म्हणाली, "माहीत आहे मला."

म्हातारीनं तोंड वर काढलं. "कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? तुम्ही चुलीपाशी होतात आणि दूध करपलं. नंतर कामातही बघत होते ना. बोर्ड कडू मारायला लागला की मी खोकायचे. मग तुम्ही उचलायच्या."

म्हातारीला खोकला आठवला. ती म्हणायची, मेली दिवसभर खोकते, एकदा काय ते औषध घेऊन टाक. त्या आठ दिवसांत घरघराट दोन गनांचा होता. खोकला ऐकू आला नव्हता.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल असं वाटायचं. आज बोलाल, उद्या बोलाल."

"मला वाटलं, तुला कळलं तर जाशील."

सुनेनं तिच्याकडं असं बघितलं की म्हातारीनं नजर खाली घेतली. मग तिनं खाली बघतच उशी पुढं केली. "तू घे. माझ्याकडं फुकट जाईल." आणि सुनेनं ती घेतल्यावर म्हणाली, "कसा येतो गं? सांग मला."

सुनेनं उशी नाकाशी नेली. डोळे मिटले. "कथलाचा येतो थोडा. ते डोक्याला लावायचे त्या तेलाचा. आणि झोपेचा."

"झोपेचा कसला वास असतो?"

"असतो," सून म्हणाली.

तिनं उशी पिशवीत वरच्या बाजूला ठेवली. बंद लावला. म्हातारीला उठून दार अडवावंसं वाटलं, पण तिनं नुसती खाटेची कड धरली. "राहा," ती म्हणाली. अकरा वर्षांत तिनं सुनेला बस, उठ, आण, ने असं सगळं म्हटलं होतं. हा शब्द पहिल्यांदाच तोंडातून निघाला आणि तो इतका बारीक निघाला की तिलाच ओळखू आला नाही. "राहा. मी सांगते त्याला, ट्रे तुझा होता म्हणून."

"ट्रेचं काय एवढं, आत्याबाई?" सून म्हणाली. "मी माझा ट्रे तुमच्या समोरच ठेवला होता. तुमचाच समजला तरी चाललं असतं." तिनं पिशवी खांद्याला लावली. "पण यांचा ताप मला कळला होता."

ती वाकून म्हातारीच्या पाया पडली, घाईत, बाहेरगावी निघताना पडतात तशी, आणि गेली. मागच्या दारानं नाही, पुढच्या. तारवाल्यानं विचारलं, "कुठं गं, पोरी?" आणि ती काय म्हणाली ते आतपर्यंत आलं नाही.

टेम्पो दुपारी आला. चालकानं मागचं फळकूट पाडलं आणि बोर्डांच्या पोत्याला हात घातला, तेवढ्यात म्हातारी उंबऱ्यावर आली.

"उतरवू नको."

"का? आता शेठ म्हणाले..."

"लाव त्याला फोन. माझ्या कानाला दे."

चालकानं फोन लावून तिच्या कानाशी धरला. म्हातारीनं घसा साफ केला. समोर तारवाला बसला होता, सुरी हातात, कान इकडं. तिनं आवाज बारीक केला नाही. उलट जास्तच मोठ्यानं बोलली, गनच्या घरघराटात बोलावं तसं.

"चांगला ट्रे सुनेचा होता. मेलेला माझा. माझं नाक गेलंय, आठ महिने झाले. तिनं बोर्ड भट्टीत सुकवले होते, मला सांगूनही मी ऐकलं नाही. मी खोटं बोलले."

तारवाल्यानं सुरी खाली ठेवली होती.

"अहो मावशी," व्यापारी म्हणाला, "मग यात एवढं काय? तुम्ही बसा आरामात, वहिनींना गन द्या. असा हात मला हायवेलासुद्धा मिळत नाही. नव्वदच्या नव्वद हिरव्या लागल्या, माहीत आहे का तुम्हाला? द्या त्यांच्याकडं फोन."

"गेली."

"कुठं?"

"भावाकडं. सकाळच्या गाडीनं."

"मग गाडीतच असतील अजून. नंबर सांगा त्यांचा, मी बोलतो, परत फिरवतो. त्यांच्याकडं फोन आहे ना?"

सुनेकडं फोन होता. निळ्या पिशवीत असायचा, खिडकीच्या खिळ्याला टांगलेला. कधीतरी भावाचा यायचा.

"मावशी? नंबर सांगा."

चालकाचा हात अवघडला होता, त्यानं फोन दुसऱ्या हातात घेऊन परत तिच्या कानाला लावला. म्हातारी आत बघत होती, दाराजवळच्या आपल्या पाटाकडं आणि तिथून खिडकीखालच्या पाटाकडं. मध्ये चार हात जागा होती.

"नंबर नाही माझ्याकडं," ती म्हणाली. "कशाला लागेल? हाक मारली की येत होती."